मावशीच्या बाथरूममधली ओल

४ नोव्हेंबर

भावजी,

तुम्हाला नऊ वेळा फोन केला. दहावा करणार नाही. तुमची बायको दर वेळी सांगते, "ते साइटवर आहेत," आणि मागून तुमचं खाकरणं मला स्पष्ट ऐकू येतं. म्हणून आता लिहिते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय.

या घरातलं मागच्या खोलीला जोडून असलेलं बाथरूम तुमच्या हातचं आहे, हे विसरला नसाल. खोली सासूबाईंची, म्हणजे तुमच्या मावशीची. त्या बाथरूमच्या भिंतींना ओल आली आहे. गेल्या थंडीत छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले, मोहरी सांडावी तसे. घासले, गेले. पंधरा दिवसांत परत आले ते सगळं गणगोत घेऊन. पेंटर बोलावला, पांढराशुभ्र रंग मारून घेतला. दोन महिन्यांत रंगाला फुगे आले, फुग्यांचे पोपडे झाले आणि पोपड्यांखाली तीच काळी बुरशी. मग भारीतला, ओल अडवणारा म्हणतात तो रंग मारला. त्यालाही तिने जुमानलं नाही. आता टाइलच्या फटी काळ्या आहेत, आरशाच्या मागे हिरवट शेवाळासारखं धरलं आहे आणि सासूबाईंच्या कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो.

हे सगळं मी तुम्हाला सांगत बसले नसते. पण सासूबाईंना बसल्या जागी धाप लागते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या ओलीत यांनी आणखी एक हिवाळा काढला तर पुढचा दिसणार नाही." त्यांना वर माझ्या खोलीत नेता येत नाही, जिना चढवत नाही. हॉलमध्ये झोपवलं तर रात्री बाथरूमपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे ती भिंतच कोरडी व्हायला हवी.

भिंतीत पाइप कुठून नेलेत ते तुम्हालाच माहीत. नकाशा काढून पाठवा. रागाच्या भरात भिंतीत काही करून ठेवलं असेल तर तेही लिहून टाका. मी कुणाला सांगणार नाही. गल्लीत सगळ्यांना आधीच सांगून झालं आहे.

वहिनी

९ नोव्हेंबर

वहिनींस,

गाढवाला पत्र मिळालं.

फोन मी उचलणार नाही. बोललेलं तुम्ही फिरवता. लिहिलेलं फिरवता येत नाही, म्हणून यापुढे जे काय ते कागदावर.

भिंतीत मी काही करून ठेवलेलं नाही. भिंतीवर राग काढणारा गवंडी उपाशी मरतो. माझा राग तुमच्यावर आहे आणि तो मी नीट जपून ठेवला आहे. तुम्हाला आठवत नसेल तर सांगतो. अकरा वर्षांपूर्वी घर पुरं झालं, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी त्या घरासाठी सात महिने राबलो होतो, मजुरीचं नाव न काढता, कारण काम दादाचं होतं. तुम्ही नोकरीला आहात त्या चष्म्याच्या दुकानाचे मालक आले. त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "हे आमचे गवंडी." दीर नाही, गवंडी. मग माझं ताट मागच्या पायरीवर मजुरांबरोबर वाढलंत. मजुरांबरोबर जेवायची मला लाज नाही, रोज जेवतो. पण आत मावशी शेजारची जागा धरून बसली होती. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तेव्हापासून मिसरूड फुटेपर्यंत मी तिच्या हातचं खाल्लं. त्या दिवशी मला तिच्याजवळ बसायचं होतं.

त्यानंतर कधीही आलो की तुमचं एकच, "सासूबाई झोपल्यात." सकाळी दहाला झोपल्यात, संध्याकाळी पाचला झोपल्यात. चार वर्षांपूर्वी दादा गेला तेव्हा फाटकाशी तासभर उभा होतो. आत या म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही.

ते असो. विचारतो ते मावशीसाठी. काळं कुठे जास्त आहे, वर की खाली? भिंत कधी ओली लागते, अंघोळीनंतर की दिवसभर? दुपारी दोन तास घरातले सगळे नळ बंद ठेवा, पाण्याच्या मीटरचा आकडा आधी आणि नंतर लिहा. आणि माझी झडपांची खिडकी आहे का अजून?

तुमचा गवंडी

१४ नोव्हेंबर

भावजी,

गवंड्याला गवंडी म्हटलेलं एवढं झोंबेल हे मला काय माहीत. मालकांनी विचारलं होतं, "घर कुणी बांधलं?" मी म्हटलं, "हे आमचे गवंडी," आणि मला त्यात अभिमान होता. आत बसायला जागा नव्हती, वीसजणांची सोय आणि पस्तीस माणसं. तुम्ही उगाच पायरीवर बसून तोंड फुगवलंत आणि अकरा वर्षं ते तसंच ठेवलंत.

"सासूबाई झोपल्यात" हे मात्र खोटं होतं. कबूल. तुम्ही येऊन गेलात की पुढचे आठ दिवस त्यांच्या तोंडी तुमच्याशिवाय विषय नसायचा. तो असा चालायचा, तो तसा पडला, त्याला ताप आला तेव्हा रात्रभर अशी बसले. पाय मी चेपायचे, औषध मी द्यायचं, पथ्य मी सांभाळायचं आणि गुण गायचे तुमचे. मला सहन व्हायचं नाही. लिहिलेलं फिरवता येत नाही म्हणता ना, मग हेही ठेवा जपून.

आता तुमच्या प्रश्नांचं. काळं वर जास्त, छताच्या चारी कोपऱ्यांत आणि बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर. खाली जमिनीजवळ जवळजवळ नाही. अंघोळ झाली की टाइलवरून पाण्याचे ओघळ येतात, दुपारपर्यंत भिंत गारठलेली आणि दमट. थंडीत सासूबाईंना कढत पाणी लागतं, बराच वेळ अंगावर घेत बसतात, तेवढाच छातीला शेक. मीटर दोन तासांत तसूभरही हलला नाही.

तुमची खिडकी नाही. गेल्या थंडीच्या सुरुवातीला त्या झडपांमधून वारा येऊन सासूबाई अंघोळीत कुडकुडायला लागल्या, म्हणून मी झडपा काढून अख्खी काच बसवून घेतली आणि कडेने सिलिकॉन भरून घेतलं. मुंगी शिरायची नाही आत. खिडकी तुम्ही नको तिथे ठेवली होती, हे त्यावरून कळतंच.

त्या आता बसून झोपतात. पाठीला तीन उशा लावते. परवा बोलताना मधेच थांबल्या आणि पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला की मी हातातलं काम टाकून त्यांची पाठ चोळायला लागले. लवकर लिहा.

वहिनी

१८ नोव्हेंबर

वहिनींस,

तुमचं पत्र काल मिळालं. सावकाश वाचलं, दोनदा.

एक परीक्षा करा. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा वहीच्या पानाएवढा तुकडा घ्या. बाहेरच्या भिंतीवर जिथे काळं नाही अशा जागी, भिंत आधी फडक्याने कोरडी पुसून, चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. कुठेही फट नको. दोन दिवस राहू द्या, अंघोळी नेहमीसारख्या चालू ठेवा. मग बघा, पाण्याचे थेंब कुठे आहेत. प्लास्टिकच्या खाली, भिंतीकडच्या अंगाला, की वर, आपल्या अंगाला. नीट बघून लिहा.

पाइपचा नकाशा त्यानंतर.

तुमचा गवंडी

२४ नोव्हेंबर

भावजी,

केली तुमची परीक्षा. थेंब वर, आपल्या अंगाला. बोटाने पुसले तर हात ओला झाला. मग चिकटपट्टी सोडवून प्लास्टिकची खालची बाजू पाहिली, ती ठणठणीत कोरडी. भिंतही तेवढ्या चौकोनात कोरडीच होती.

इथला एक टाइलवाला बोलावून ठेवला आहे. त्याला सगळे 'हळू' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो "होईल हळूहळू" म्हणतो. तो आला, चौकोन पाहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाई, काच काढा. वाफ कोंडते आहे. फोडाफोडी कशाला?" मला त्याचा राग आला. काम टाळायला बरं असतं या लोकांना. वर्षभर पोपडे पडताहेत, काळं चढतंय, आणि हा म्हणतो खिडकी उघडा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

पण तुम्ही या धंद्यात तीस वर्षं आहात, म्हणून विचारते. खरंच खिडकीमुळे होईल का असं? तुम्ही हो म्हणालात तर आज काच काढते. तुमच्यावर माझा एरवी कवडीचा विश्वास नाही, पण मावशीच्या बाबतीत तुम्ही खोटं बोलणार नाही एवढं मला माहीत आहे.

सासूबाईंचं जेवण निम्म्यावर आलं आहे. चावताना दम लागतो म्हणतात.

वहिनी

२८ नोव्हेंबर

वहिनींस,

टाइलवाल्याचं ऐकू नका. खिडकीचा काही संबंध नाही.

मीटर हलला नाही म्हणजे नळाचा पाइप ठीक आहे. पण सांडपाण्याच्या पाइपला मीटर नसतो. अंघोळीचं पाणी जातं तेव्हाच तो गळतो आणि ओल भिंतीतून वर चढते. प्लास्टिकने एवढंच सांगितलं की तेवढ्या चौकोनात अजून पोचली नाही. बाहेरच्या भिंतीच्या टाइल जमिनीपासून खांद्यापर्यंत काढा, गिलावा विटेपर्यंत फोडा. नंतर मोरीच्या कोपऱ्यातली फरशी उकरा. पाइप सोबतच्या नकाशात दाखवला आहे. काम हळूकडूनच करून घ्या, पंधरा दिवस लागतील.

त्या धुळीत मावशी एक दिवसही राहता कामा नये. सिमेंटची धूळ तिच्या छातीला सोसणार नाही. तिला इकडे पाठवा. आमची खोली तळमजल्यावर, कोरडी, उन्हाची आहे. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

तुमचा गवंडी

५ डिसेंबर

भावजी,

आठवडाभर विचार केला. दुसरा रस्ता दिसत नाही. उद्या सकाळी टॅक्सीने पाठवते, शेजारच्या नर्सबाई सोबत येतील.

गोळ्या डब्यात वारांप्रमाणे भरल्या आहेत. बुधवारची एक जास्त आहे, ती चुकून नाही. पाणी कोमट लागतं, गरम दिलंत तर पितील पण मग रुसतील. उजव्या कुशीवर झोपवत नाही. चष्म्याची डावी काडी सैल आहे, मी रोज दुकानातून आले की पिळून देते, तुम्हाला जमलं नाही तर दोरा बांधा. संध्याकाळी साडेपाचला त्यांना कुणीतरी समोर बसून बोलायला लागतं. काय बोलता याला महत्त्व नाही. एकट्या असल्या तर त्या वेळी त्यांना जास्त धाप लागते. हे डॉक्टरांना पटत नाही, पण मी पंचवीस वर्षं बघते आहे.

आणि तुमच्या लहानपणच्या गोष्टी त्या सांगतीलच. ऐका पोटभर.

पंधरा दिवस म्हणजे पंधराच दिवस. हळू उद्या दुपारी हातोडा घेऊन येतो आहे.

वहिनी

२० डिसेंबर

वहिनींस,

आज पंधरा दिवस झाले. मावशी येणार नाही.

आता सगळं लिहितो, सावकाश बसून वाचा. बाथरूमच्या पाइपला काहीही झालेलं नाही. हळूने उकरून पाहिलंच असेल, तो माझ्या हातचा आहे, कोरडा ठणठणीत. थेंब प्लास्टिकच्या वर, आपल्या अंगाला, म्हणजे पाणी भिंतीतून आलंच नाही, हवेतून आलं. कढत पाण्याची वाफ, बाहेर जायला वाट नाही, मग ती गार भिंतीवर बसते आणि तिथे बुरशी धरते. तुम्ही बुरशीवर रंग मारलात, म्हणजे तिला पांघरूण घातलंत. काच काढली असती, ब्लीचच्या पाण्याने काळं धुतलं असतं, अंघोळ झाली की भिंत फडक्याने पुसली असती, तर आठ दिवसांत काम झालं असतं. एक टाइल फोडावी लागली नसती. त्या भोळ्या हळूला जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नाही, कारण ती खिडकी माझी होती आणि माझं काही बरोबर असणं तुम्हाला परवडत नव्हतं.

मला हे तुमच्या खिडकीच्या पत्रातच कळलं. त्याच दिवशी. मग ठरवलं की तुम्ही स्वतःच्या हाताने तुमचं चकचकीत बाथरूम फोडून घ्यायचं आणि स्वतःच्या हाताने मावशीला टॅक्सीत बसवायचं. दोन्ही केलंत. मी जागचा हललोसुद्धा नाही.

इथे तिची धाप उतरली आहे. रात्री आडवी झोपते. संध्याकाळी साडेपाचला मी समोर बसतो. तुम्ही मला अकरा वर्षं तिच्या दारातून परत पाठवलंत. आता तुम्ही या, मी फाटकाशी उभं करतो. करावं तसं भरावं, वहिनी. आज मला कित्येक वर्षांनी जेवण गोड लागलं.

तिचा मुलगा

२३ डिसेंबर

भावजी,

पत्र मिळालं. वाचलं. लिहिलेलं फिरवता येत नाही हे तुमचं अगदी बरोबर आहे.

म्हणून मी काही फिरवलं नाही. तुमची सगळी पत्रं, आजच्या पत्रासकट, आहेत तशी पाकिटात घालून सासूबाईंच्या नावाने पाठवली आहेत.

वहिनी

३१ डिसेंबर

वहिनी,

हे तुम्ही काय केलंत.

पाकीट मीच दारात घेतलं आणि मीच तिच्या हातात दिलं. अक्षर तुमचं पाहून वाटलं, ख्यालीखुशाली असेल. तिने खिडकीशी बसून सगळं वाचलं. मी चहा घेऊन गेलो तर मला म्हणाली, "खिडकीचं तुला कधी कळलं?" मी म्हटलं, पत्र आलं तेव्हा. "तारीख सांग." मी म्हटलं, सतरा नोव्हेंबर. तिने बोटांवर मोजलं. "मी निघाले सहा डिसेंबरला," म्हणाली. "एकोणीस दिवस." मग तिने तुमचीही पत्रं मागून घेतली. मी दिली.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. माझ्या बायकोशी बोलते, शेजाऱ्यांशी बोलते, दारात येणाऱ्या मांजरीशीसुद्धा बोलते. मी साडेपाचला समोर बसलो की चष्मा काढून डोळे मिटते. धाप पार गेली आहे, दोन गल्ल्या चालून येते. पण त्या श्वासातला एक शब्द माझ्या वाट्याला येत नाही.

बायको मला म्हणते, "तुम्ही त्यांना ते एकोणीस दिवस त्या ओलीत बसवून ठेवलंत." मी म्हणतो, माझ्या मनात तसं नव्हतं. माझ्या मनात फक्त तुम्ही होतात. हे लिहिताना मला कळतंय की हे काही बरं उत्तर नाही.

तुम्ही तिला समजवा. तुमचं ती ऐकेल.

४ जानेवारी

भावजी,

नाही समजावणार.

मी तुम्हाला लिहिलं होतं की त्या बसून झोपतात. लिहिलं होतं की चावताना दम लागतो. लिहिलं होतं की मावशीच्या बाबतीत तुम्ही खोटं बोलणार नाही. ते वाचून तुम्ही मला फरशी उकरायला सांगितलीत. माझ्यावर सूड घ्यायचा होता तर घ्यायचा होतात, मी काही दुधखुळी नव्हते, उलट मारलं असतं. पण तुम्ही तो त्यांच्या छातीवर बसून घेतलात. आता भोगा. रोज साडेपाचला भोगा.

काच मीच हातोडीने फोडली. चार दिवसांत भिंत कोरडी झाली. इतकं सोपं होतं म्हणून मला जास्त रडू आलं. हळू माझ्याकडे बघत होता, मी त्यालाही फैलावर घेतलं. बिचारा नव्या टाइल लावतो आहे, होईल हळूहळू. विसाचं तुमचं पत्र पाकिटात घालण्याआधी गल्लीत चारजणींना वाचून दाखवलं. इकडच्या बाजूला तुम्हाला आता कुणी कोंबड्यांचं खुराडंही बांधायला देणार नाही.

घर शांत आहे. स्वयंपाक दोघींचा होतो, सवय मोडत नाही. आपली बरोबरी झाली असं समजा आणि माझं माणूस मला परत पाठवा. पंधरा दिवसांचा बोल होता, महिना होत आला.

वहिनी

१० जानेवारी

चि. दोघांस,

हे पत्र कार्बन लावून लिहिलं आहे, म्हणजे दोघांनाही शब्दन् शब्द तेच मिळेल. फिकट प्रत कुणाला आली यावरून भांडू नये.

तुमची सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून वाचली. चाळीस वर्षं शाळेत पेपर तपासले, पण दोनच विद्यार्थी आणि दोन्ही नापास असा वर्ग पहिल्यांदा बघितला. एवढा कागद खर्च केलात, पाइप, मीटर, प्लास्टिक, काय काय. त्या बाथरूममध्ये रोज अंघोळ कोण करत होतं? मी. मला एकदाही कुणी विचारलं नाही. काच बसली त्या दिवसापासून आरशात तोंड दिसेनासं झालं होतं. वर्षभर मी तो रोज टॉवेलने पुसला. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, हे तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

मग बोलले का नाही, तर सूनबाई, मी कुडकुडले म्हणून तू दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून, उन्हात उभी राहून ती काच बसवून घेतलीस. मुलगा गेल्यापासून तुझ्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं. काच काढ म्हणायला माझी जीभ वळली नाही. ती चूक माझी. पण तो दारात यायचा तेव्हा मी जागी असायचे, आणि तुझं ते "झोपल्यात" मला आत ऐकू यायचं. दर वेळी वाटायचं उठून जावं, आणि दर वेळी वाटायचं की गेले तर राहायचं मला हिच्याबरोबरच आहे. ते मी तुला माफ केलेलं नाही.

आणि तू. तुला मी हवी होते की हिच्याकडून हिसकावलेली मी हवी होते, हे तुझं तुला कळेपर्यंत मला तुझ्याशी बोलायचं नाही. चार वर्षांचा होतास तेव्हा खेळणं मोडलं तरी चालेल पण दुसऱ्याला मिळायला नको, असं करायचास. मी तेव्हा हसायचे. एक थोबाडीत द्यायला हवी होती.

तर मी कुणाचंच माणूस म्हणून परत जात नाही आणि राहतही नाही. काल सकाळी इथे राहायला आले. तुझ्या बायकोने आणून सोडलं, तिला बोल लावायचा नाही, गप्प राहायची शपथ मी घातली होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी दवाखाना चालवते, तिच्या घरामागची खोली आहे. पेन्शन माझी मला पुरते. होकार देण्याआधी मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी आहे. खिडकी हातभर रुंद आहे आणि उघडी राहते. थंडी वाजली तर मी स्वेटर घालून अंघोळीला जाईन, पण ती बंद करणार नाही.

पत्ता पाकिटावर आहे. भेटायला रविवारी चार वाजता यायचं, दोघांनी मिळून. दारात दोघं बरोबर दिसलात तरच कडी काढेन. एकटं कुणी आलं तर त्याने माघारी जावं. एकाने यायचं टाळलं तर दुसऱ्यालाही मी भेटणार नाही, म्हणजे यापुढे तुम्हाला एकमेकांची गरज पडेल. येताना एकाच गाडीने आलात तर बरं, अडीच तासांच्या रस्त्यात काय बोलायचं ते बोलून घ्या, माझ्यासमोर नको. सूड मलाही घेता येतो. तुमच्याहून जास्त वर्षं मी माणसं हाताळली आहेत.

माझा राग गेलेला नाही. तो जाईपर्यंत जगायचं ठरवलं आहे. काल डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि म्हणाल्या, आता भरपूर वेळ आहे.

मावशी आणि सासूबाई